शेवटच्या फडाचा हिशोब

कोडोलीच्या शिवारात ऊस एकदमच पक्व होतो, तुटतो मात्र पाळीने. टोळ्या मोजक्या, फड अनेक. ताटकळलेल्या उसाचे वजन घटते. म्हणून ‘पाळी कोणाची?’ हा आमच्याकडचा दर हंगामाचा वाद. गणिताच्या इतिहासात याच वादाचे एक प्रकरण आहे.

वीस फड तीन टोळ्यांत वाटण्याचे ३४८ कोटींहून अधिक मार्ग निघतात. अशा वाटपातला सर्वोत्तम मार्ग झटपट शोधणे किती अवघड, हे रिचर्ड कार्प यांच्या १९७२ च्या निबंधाने स्पष्ट केले. त्याआधीच, १९६६ मध्ये, बेल प्रयोगशाळेतल्या रोनाल्ड ग्रॅहॅम यांनी प्रश्नच बदलला होता: सर्वोत्तम राहू द्या, साध्या नियमाने जास्तीत जास्त किती बिघडेल? जी टोळी मोकळी होईल तिला पुढचा फड द्यायचा. टोळ्यांचा वेग सारखा धरला आणि सर्वोत्तम वाटपात तोडणी ३० दिवसांत संपत असेल, तर या नियमाने ती ५० दिवसांपलीकडे जात नाही. १९६९ मध्ये त्यांनी दाखवले की मोठे फड आधी घेतले तर ३७ दिवसही पुरतात.

पण त्यासाठी सगळी यादी आधी हाती हवी. फड एकेक करून कळत असतील, तर तीन टोळ्यांसाठी ५० ची हमी कोणत्याही ठरीव नियमाने कमी होत नाही, हे १९८९ मध्ये फायगल, केर्न आणि तुरान यांनी सिद्ध केले. गणितज्ञ याला ‘ऑनलाइन’ प्रश्न म्हणतात; त्याचा इंटरनेटशी संबंध नाही.

या शाखेत एक मराठी नावही ठळक आहे. १९८२ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी कार्प यांच्यासह, कमीत कमी डब्यांत माल बसवण्याच्या प्रश्नावर सर्वोत्तमाच्या अगदी जवळ जाणारी रीत दिली.

माझ्या मते ५० आणि ३७ यांतले तेरा दिवस ही माहितीची किंमत आहे. लागणीची नोंद हीच आपली यादी. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांत आलेला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प मी त्याच दृष्टीने वाचतो. तरीही जळिताचा ऊस, अवकाळी पाऊस, अर्ध्यावर निघून गेलेली टोळी हे कोणत्याच नोंदीत आधी येत नाही.

ग्रॅहॅम यांनी मोजली ती शेवटचे काम संपण्याची वेळ, सरासरी नव्हे. ज्याचा फड सर्वांत शेवटी उभा असतो, त्याला सरासरीचा उपयोग नसतो. त्याला हवी असते ती एक तारीख, जिच्यापुढे कोयता लांबणार नाही.