पहाटे साडेचारचा नळ

मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कातरून केलेले प्राणी बघत लोक फिरतात, तेव्हा त्यांच्या पायाखाली पाण्याची भलीमोठी टाकी असते. बाग म्हणजे त्या टाकीचं छप्पर. १८८१च्या सुमारास जलाशयावर माती टाकून ही बाग केली, आणि आजही दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाचं पाणी इथूनच सुटतं. टाकी टेकडीवर का, तर पाणी आपल्या उतारानं खाली यावं म्हणून. गिरगावातल्या एखाद्या घरात नळ पहाटे साडेचारला का येतो, या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण या टेकडीवर येतो, आणि तिथून दीडशे वर्षं मागे.

त्याही आधी मुंबईला नळ नव्हता, पुण्यवान माणसं होती. बेट खाऱ्या पाण्यानं वेढलेलं, तेव्हा गोड्या पाण्याची विहीर खोदणं किंवा तलाव बांधणं यापरता मोठा धर्म नव्हता. चर्चगेटहून फ्लोरा फाउंटनकडे जाताना लागणारी भिखा बेहराम विहीर १७२५ सालची. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तिचं पाणी गोडं. धोबी तलाव १८३१ मध्ये फ्रामजी कावसजींनी पदरमोड करून नव्यानं बांधून काढला, सी. पी. टँकच्या ‘सी. पी.’मध्ये कावसजी पटेल दडलेले आहेत. तलाव बुजले, त्यांची नावं बसच्या पाट्यांवर उरली. पाणी देणाऱ्याचं नाव दगडावर कोरलेलं असे. पाणी चुकलं, आटलं तर कुणाला जाब विचारायचा, हा प्रश्नच नव्हता. दानाला जाब कसला?

हा कारभार १८५०च्या दशकात कोलमडला. शहर फुगलं, पावसानं दगा दिला, विहिरींचा तळ दिसू लागला. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ला नुकतीच धावू लागली होती. तिनं आणि होड्यांनी शहरात पाणी आणायची पाळी आली. मग सरकारनं हेन्री कॉनीबिअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार मिठी नदी अडवली आणि १८६०मध्ये विहार तलावाचं पाणी लोखंडी नळांतून मुंबईत आलं. ज्या मिठीला आपण आज नाक मुरडतो, तिनंच या शहराला पहिला नळ दिला.

विहार पुरणार, असं वाटलं होतं. ते वाटणं फार टिकलं नाही. १८७९मध्ये तुळशी, १८९१मध्ये पवई, १८९२मध्ये तानसा. पवईचं पाणी पिण्याच्या कामाचं ठरलं नाही, आज तिथे काठावर आयआयटी आणि पाण्यात मगरी आहेत. तानसा मात्र खरी उडी होती. बेटाबाहेर, साष्टीबाहेर, थेट शहापूरच्या जंगलात. तिथून पुढे मुंबईचं धोरण ठरून गेलं: पाणी कमी पडलं की आणखी लांब जायचं.

जवळचं पाणी याच काळात परकं झालं. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११मध्ये मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला आणि डासांचा बोट ठेवून पत्ता सांगितला: घरोघरच्या विहिरी. पालिकेनं विहिरी बुजवायला, झाकायला लावल्या. पारशी, हिंदू, मुसलमान, सगळ्यांनीच कुरकुर केली, कारण धर्मकार्याला विहिरीचंच पाणी लागायचं. काही विहिरी जाळ्या बसवून वाचल्या. डासांबाबत बेंटलींचं बरोबरच होतं. पण त्या झाकणांबरोबर शहराच्या हातातला एक पर्यायही गेला, आणि मुंबई पूर्णपणे नळाच्या हवाली झाली.

नळाच्या हवाली होणं म्हणजे काय, ते चाळीत कळायचं. मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि सार्वजनिक नळ दोन. पहाटे आधी नळ नुसता खोकायचा, हवा ओकायचा, मग लालसर धार, मग स्वच्छ. तो खोकला ऐकून बायका उठत, गजराची गरज नसे. रांगेत माणसांऐवजी कळश्या उभ्या असत आणि कुणाची कळशी कुणाच्या पुढे सरकली यावरून अबोले धरले जात. ‘तुमची बादली भरली हो वहिनी, लक्ष कुठाय?’ या वाक्यात आपुलकी किती आणि टोमणा किती, हे सुरावर ठरायचं. तासाभरात मोरीतलं पिंप, हंडे, तपेली, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून व्हायची. पहिल्या पाळीच्या गिरणी कामगाराचा डबा, पोरांची आंघोळ, देवाची पूजा, सगळं या तासाभोवती बांधलेलं. चाळीचे गोडवे गाणाऱ्या लेखकांनी गॅलरीला जितकं प्रेम दिलं, त्याच्या निम्मंही या नळाला दिलं नाही. बहुधा पाणी त्यांनी भरलं नसावं.

आणि तरी त्या पाण्याचा अभिमान होता. बाहेरगावी गेलेला मुंबईकर ‘आमच्याकडे थेट नळाला तोंड लावून पितात’ असं सांगून भाव खायचा.

उपनगरांत एवढीही चैन नव्हती. वस्ती आधी, नळ मागाहून, असा तिथला क्रम. १९६०च्या दशकात गोरेगावात मृणाल गोरे बायकांना घेऊन पाण्यासाठी रस्त्यावर उतरल्या आणि ‘पाणीवाली बाई’ झाल्या. १९७७ला त्या लोकसभेत गेल्या. त्यांच्या हंडा मोर्चांनी एक गोष्ट कायमची बदलली. आता पाण्याचा जाब विचारता येत होता. दात्याला नसेल, पण नगरसेवकाला नक्की. तरी झोपडपट्टीतल्या कित्येकांना ‘तुमची झोपडी ठरावीक तारखेनंतरची’ एवढ्यावर नळ नाकारला जाई. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४मध्ये बजावलं की घर बेकायदा असलं, तरी माणसाला पाणी द्यावंच लागेल.

यात साडेचारची वेळ कुठून आली? शहराच्या सगळ्या नळांना एकदम दाब पुरत नाही, म्हणून टेकड्यांवरच्या जलाशयांतून पाळीपाळीनं, विभागवार पाणी सोडतात. सोडणारा माणूस म्हणजे पालिकेचा चावीवाला. इंग्रजी टी अक्षरासारखी लांबलचक लोखंडी चावी घेऊन तो येतो, रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी खाली घालतो आणि सगळं अंग लावून आटे मोजत फिरवतो. कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे, कुठल्या गल्लीत उतार, कुठे लाइन जुनी, हे कागदावर असतं त्याहून जास्त त्याच्या मनगटात असतं. दोन आटे कमी पडले की गल्लीच्या टोकाला बोंब. मोटारचालकांना तो रस्त्यातला अडथळा वाटतो. माझ्या लेखी सकाळी सर्वांत आधी कामाला लागणाऱ्या मुंबईकरांत त्याचा नंबर वरचा आहे.

वेळेचा हा जाच नव्या धरणानं सुटेल, असं प्रत्येक वेळी वाटलं. १९५७ला वैतरणेवर धरण झालं, पालिकेच्या एन. व्ही. मोडक या इंजिनिअरच्या नावानं मोडक सागर. मग नाशिक जिल्ह्यातली अप्पर वैतरणा, मग भातसा, आणि २०१४ला मध्य वैतरणा. आज रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मुंबईला येतं, आणि त्यातलं पाव हिश्श्याहून अधिक गळती नि चोरीत जात असल्याचे अंदाज खुद्द पालिका देते. तरी पुढचा विचार गारगाईवरच्या धरणाचा, जुन्या पाइपांचा नंतर. आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. ज्यांच्या उशाला धरण, त्यांच्या घशाला कोरड. मुंबईकरांचा नळ कोरडा पडला की मोर्चा निघतो, शहापूरकरांच्या हंड्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

पाऊस मात्र मुंबईवर सहसा रुसत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला आणि ती विहारवाली मिठी घराघरांत शिरली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या घेऊन धावले, प्यालेसुद्धा. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला.

आता चाळींच्या जागी टॉवर आले, तिथे नळ चोवीस तास वाहतो. पाणी मात्र अजून वेळेवरच येतं, तळघरातल्या टाकीत. पंप चालू करायला पहाटे वॉचमन उठतो. वैशाखात कपात लागली की लिफ्टमध्ये सोसायटीची नोटीस चिकटते आणि इंग्रजी माध्यमातल्या पोरांनाही भातसाची पातळी पाठ होते. मग जुलैत कधीतरी पहिल्या पानावर फोटो येतो, तुळशी भरून वाहू लागल्याचा. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांत तुळशीच सर्वांत लहान, त्यातलं पाणी आजच्या मुंबईला जेमतेम दोन दिवस पुरेल. तरी तो फोटो बघून बरं वाटतं, आणि भातसा किती भरला ते शोधत आपण पान उलटतो.