आजीची आजी कोण होती?

परवा शनिवारी पडद्याचं कापड आणायला आकुर्डीहून पिंपरी कॅम्पात गेलो होतो. (पार्किंग शोधण्यातच अर्धा शनिवार जातो, ते असो.) कॅम्प म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत. कापड मोजता मोजता दुकानातले काका पाकिस्तानातून आलेल्या एका नातेवाइकाबद्दल सांगत होते. बरीच वर्षं व्हिसावर काढली, आता २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली अर्ज केलाय. काका खूश होते. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं.

सोमवारी ऑफिसात जेवताना हे सांगितलं आणि डबे बाजूला राहून वादच सुरू झाला. कायद्यात तीन देश आणि सहा धर्म आहेत. पाकिस्तानातला हिंदू बसतो, तिथलाच अहमदिया बसत नाही, मग छळ कितीही झालेला असो. "कुठेतरी रेघ मारावीच लागते ना," एकजण म्हणाला. मान्य. पण रेघ छळावर मारायची की जन्मावर?

मला आठवले आपले 'शनिवार तेली', म्हणजे बेने इस्रायल. अलिबागच्या आसपासचे, मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू. आडनावं बघा: केहिमकर, रोहेकर, पेझारकर. १९५० मध्ये इस्रायलने परतीचा कायदा केला. जगातल्या कुठल्याही ज्यूने यावं आणि राहावं. हिटलरच्या काळात ज्यूंना किती देशांनी दारं लावली ते पाहता या कायद्यामागचं कारण मी उडवून लावणार नाही. पण १९४८ च्या युद्धात ज्या अरबांची घरं सुटली, त्यांच्यासाठी असं दार उघडलं नाही, हेही त्याच इतिहासात आहे.

आता ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांचं काय झालं ते बघा. आपली कोकणी मंडळी हौसेने गेली. बीरशेबाला वसवलेल्यांपैकी काहींनी भेदभावाला कंटाळून "आम्हाला परत भारतात पाठवा" म्हणून तेल अवीवला धरणं धरलं आणि १९५२ मध्ये शंभरावर लोक खरंच परत आले. (त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे पुन्हा इस्रायलला जावंसं वाटलं. माणसाचं मन!)

खरी ठेच पुढेच होती. तिथे ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या हातात. १९६२ मध्ये धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्रायलपैकी कोणी बाहेरच्या ज्यूशी लग्न करणार असेल तर त्याची आई, आईची आई, शक्य तितकं मागे जाऊन वंश तपासा. का? तर शतकानुशतकं तुटून राहिलेल्या या लोकांनी घटस्फोटाचे वगैरे नियम नीट पाळले असतील का, ही शंका. आता कोकणातल्या आजीच्या आजीचा पुरावा कुठून आणायचा? ज्यांनी शनिवार सोडला नाही म्हणून गावाने त्यांना तसं नाव दिलं, त्यांनाच विचारत होते, तुम्ही खरे ज्यू कशावरून! १९६४ मध्ये जेरुसलेमला मोठं आंदोलन झालं, ऑगस्टमध्ये संसदेला विषय घ्यावा लागला आणि मग फर्मानातून बेने इस्रायलचं नाव निघालं.

आमच्या भाषेत सांगायचं तर, स्पेकमध्ये 'अमुक समाजाचा असल्यास' हा एक शब्द टाकणं सोपं. व्हॅलिडेशन कोण आणि कशावर करणार, हा प्रश्न मग कोणाच्या तरी टेबलावर जातोच, आणि तिथे यादीतल्या माणसालाच रांगेत उभं राहावं लागतं. 'तुझ्यावर काय बेतलं?' असं विचारलं तर माणूस निदान स्वतःबद्दल उत्तर देऊ शकतो.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये आलेल्या नियमांतही अर्जदार त्या धर्माचा असल्याचं स्थानिक नावाजलेल्या समाजसंस्थेचं प्रमाणपत्र मागितलंय. कॅम्पात ते मिळणं अवघड जाणार नाही, तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. पण ओळखणारं कोणी नसेल तर? मी घरी फोन करून पणजीचं माहेर विचारलं. आईला नाव आठवेना, मावशीलाही नाही.

पडदे तीन इंच आखूड निघालेत. शनिवारी परत कॅम्पात.