खांब या नावातला ठिपका

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे सोडून कोलाडकडे निघालं की वाटेत खांब लागतं. रोहा तालुक्यातलं गाव. मागच्या खेपेला दुसरीतली नात सोबत होती. पाटी वाच म्हटलं, तर 'ख... खा...' करून अडली. बाराखडी तोंडपाठ असलेली मुलगी! म्हणाली, "नाना, हा ठिपका कसा वाचायचा?"

प्रश्न रास्त होता. 'गंगा'मध्ये ठिपक्याचा ङ होतो, 'संत'मध्ये न, 'खांब'मध्ये म. बाराखडीत 'खा' आहे, 'खं' आहे, 'खां' नाहीच.

घोकंपट्टी जुनीच. पंतोजींच्या शाळेत मुलं 'ओनामासिधं' म्हणत धूळपाटीवर बोट फिरवायची. मूळ शब्द 'ॐ नमः सिद्धम्'. घोकून घोकून अर्थ तर गेलाच, उच्चारही झिजला.

अर्थ न कळता पठण, हा आक्षेप आपल्या मकतबांवरही घेतात, आणि तो मला मान्य आहे. पण आवाज शिकवण्यात कायदा फार पुढे होता. लुधियान्याच्या मौलवी नूर मुहंमद यांचा नूरानी कायदा बघा. आधी सुटी हरफं, मग जोडून लिहिलेली, मग जबर-जेर-पेश, आणि प्रत्येक पायरीला हिज्जे. पुढे एक नियम येतो, इक्लाब: साकिन नूननंतर बे आली की नूनचा मीम होतो. छापील कुरआनात तिथे बऱ्याचदा बारीक मीम असतो. उर्दूत 'गुंबद' लिहितात नूनने, वाचतात मीमने.

'खांब'चंही तेच. ब म्हणायला ओठ मिटावे लागतात, म्हणून आधीचा नाकातला आवाजही ओठांवर येतो. आपली वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणेच लावलेली आहे: प फ ब भ म. ठिपक्यापुढचं अक्षर ज्या ओळीतलं, त्या ओळीचं शेवटचं अक्षर वाचायचं. मुलं ही ओळ रोज म्हणतात. ती कशासाठी आहे हे मला तरी शाळेत कुणी सांगितलं नाही.

फलटणला मूळच्या अमेरिकन भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी मुलांना वाचायला शिकवताना वर्णमालेचा क्रमच बाजूला ठेवला. थोडी अक्षरं, सोबत काना-मात्रा, आणि लगेच त्यांतून होणारे शब्द. मूल पहिल्या काही दिवसांतच खरा शब्द वाचतं. हिज्जे आणि अर्थ एकत्र. आमच्या लहानपणी हिज्जे मकतबात राहिले आणि अर्थ शाळेत.

नातीला म्हटलं, "ब म्हणायची तयारी कर आणि थांब. ओठ कुठे आहेत?"

"मिटलेत... खाम्ब!"

पुढे कोलाडची पाटी तिने न विचारता वाचली. म्हणाली, "यात ठिपका नव्हता ना."