प्लेग, रँड आणि अर्धवट राहिलेला वाद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मार्च २०२० मध्ये करोनाला आवर घालण्यासाठी महाराष्ट्र सरकारनं एक कायदा लागू केला. त्या वेळचे राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आमच्या जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीचे तेव्हाचे आमदार, त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांचं बोलणं ऐकायला इकडची घरं टीव्हीपुढे बसत. टोपे ज्या कायद्याचा उल्लेख करत होते तो साथरोग कायदा कधीचा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. तो ४ फेब्रुवारी १८९७ चा. चारच कलमांचा, एका पानात मावेल एवढा. साथ रोखण्यासाठी सरकारनं हवं ते करावं, जो ऐकणार नाही त्याला शिक्षा व्हावी आणि सद्हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर कुणी दावा लावू नये, एवढाच त्याचा सारांश. आजाऱ्याचा हक्क, त्याच्या घरच्यांचं म्हणणं, याविषयी त्यात अवाक्षर नाही.

जालन्यात मी तीस वर्षं इतिहास शिकवला. १८९७ सालचा पुण्याचा प्लेग शिकवताना दर वर्षी एक तरी मुलगा विचारायचा, ‘‘सर, चापेकरांनी गोळी घातली म्हणूनच इंग्रज नमले ना?’’ प्रश्न सरळ आहे, पण त्याचं उत्तर तारखा नीट लावल्याशिवाय देता येत नाही.

मुंबईत १८९६ च्या पावसाळ्याअखेर गाठीचा ताप सुरू झाला. रोग नवा, औषध नाही. सरकारी इस्पितळात माणसं मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ काढतात, अशी भुमका उठली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. या अफवेला आपण आज हसतो. पण ज्या इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता आणि ज्याच्या आत नातेवाइकांना डोकावता येत नव्हतं, त्याबद्दल लोकांनी दुसरं काय मानावं?

हिवाळ्यात प्लेग पुण्यात पोचला. फेब्रुवारीत वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी प्लेग समितीचा प्रमुख झाला. १३ मार्चपासून घरझडत्या सुरू झाल्या आणि त्यासाठी सुमारे नऊशे लष्करी माणसं लावली गेली. गोरे शिपाई थेट माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात शिरू लागले. बायकामाणसांना बाहेर काढून त्यांच्या अंगावर गाठ आहे का ते बघितलं जाई. रोगी सापडला की तो इस्पितळात, घरची माणसं छावणीत, अंथरूण-पांघरूण जाळात. अंत्यविधीवरसुद्धा बंधनं आली. समितीच्या मते हे सगळं शिस्तीत झालं, पुणेकरांच्या मते ही लूट आणि विटंबना होती.

हे दिवस आठवताना मला आधी सावित्रीबाई फुले आठवतात. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्यानं शहराबाहेर मोकळ्या माळावर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे नेऊ लागल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. झडत्या सुरू व्हायच्या तीन दिवस आधी. म्हणजे रोग्याला घरातून हलवावं, वेगळं ठेवावं, ही गोष्ट लोकांना मुळात नामंजूर होती असं नाही. न्यायला कोण येतं आणि कसं येतं, यावर सगळं अडलं होतं.

टिळकांचंही तेच म्हणणं होतं. टिळक म्हणजे सरसकट विरोध, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पुढारी गाव सोडून जात असताना ते पुण्यात राहिले, हिंदूंसाठी वेगळं प्लेगचं इस्पितळ उभं करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि स्वच्छतेचे, रोग्याला वेगळं ठेवण्याचे उपाय लोकांनी पाळावेत असं सांगितलं. शिपायांच्या वागणुकीवर मात्र ‘केसरी’नं कोरडे ओढले. पंडिता रमाबाई टिळकांच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या. त्यांनीही प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांची कशी आबाळ होते, हे मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात छापून आणलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते खोटं ठरवून झटकून टाकलं. जे टिळक आणि ज्या रमाबाई एरवी एका ओळीत बसत नाहीत, त्यांची तक्रार एकच निघाली, तेव्हा सरकारनं थांबून विचार करायला हवा होता.

आणि हे सगळं रेटून नेण्याइतकं त्या उपायांत काही होतं का? प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसाला होतो, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, तेही बऱ्याच जणांनी काही वर्षं मानलं नाही. रँडच्या माणसांना हे कुठून ठाऊक असणार! ती भिंती धूत होती, जमिनीवर कार्बोलिक ओतत होती. उंदीर शेजारच्या घरात जात होते.

इथे मला आमच्या आजीची आठवण येते. तिचं माहेर परतूर तालुक्यातलं. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे इंग्रजांचा तो कायदा इकडे आपोआप लागू नव्हता. आजी सांगायची, घरात उंदीर मरून पडले की म्हातारी माणसं कुणाला विचारत बसत नसत. दाणागोटा, जनावरं घेऊन सगळं गाव शेतात जायचं, पाचटाच्या झोपड्या घालायचं आणि दोन-अडीच महिने गावात दिवा लागायचा नाही. पुढे सरकारी प्लेग आयोगानंही खेडेगावांसाठी गाव रिकामं करणं हाच सगळ्यांत उपयोगी उपाय मानला. आजीला आयोग माहीत नव्हता, तिला उंदीर माहीत होते. पुण्यासारख्या शहरात हे इतकं सोपं नव्हतं, हे कबूल. पण लोकांना काहीच कळत नाही असं धरून चाललं की त्यांच्याजवळची उपयोगी गोष्टसुद्धा दिसत नाही.

आता तारखांकडे येतो. पुण्यातलं समितीचं हे काम १९ मे १८९७ रोजी संपलं. तोवर समितीच्याच अंदाजानं २०९१ माणसं दगावली होती. २२ जूनच्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून अधिकारी परतत असताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला. म्हणजे झडत्या थांबून महिना उलटून गेला होता. गोळीनं झडत्या थांबवल्या, असं म्हणता येत नाही.

दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव असे तीन सख्खे भाऊ, आणि त्यांचा साथी महादेव रानडे, १८९८ आणि १८९९ मध्ये फासावर गेले. त्यांच्या धैर्याबद्दल बोलायला आपण कोण? पण दामोदरनं कैदेत लिहिलेलं आत्मवृत्त वाचलं की दिसतं, त्याचा राग प्लेगपुरता नव्हता. त्याआधी त्यानं मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं आणि आपल्यातल्याच समाजसुधारकांवर हल्लेही केले होते. प्लेगच्या झडत्यांनी त्याच्या रागाला सगळ्या शहराची सहानुभूती मिळवून दिली. ती रँडनं स्वतःच्या हातांनी दिली, असं माझं मत आहे.

या सगळ्यात खरा भरडला गेला तो मधला माणूस. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याच्या मित्रांच्या पत्रांवरून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं की, शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीनं जीव दिला. परत आले तर पुरावा द्यायला कुणी पुढे येईना. रँडचा खून झालेला, धरपकड सुरू, नातू बंधू खटल्याशिवाय कैदेत, अशा वेळी कोण बोलणार? गोखल्यांनी मित्रांची नावं सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. इंग्रजांनी त्यांना खोटारडं म्हटलं, आपल्या लोकांनी भित्रं म्हटलं. जे त्यांनी सांगितलं ते खरं होतं की नव्हतं, याची नीट चौकशी मात्र राहून गेली. ती व्हायला शांत दिवस लागतात, आणि ते २२ जूनला संपले होते.

सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी ज्युरींनी निर्दोष. पुण्यावर जादा पोलीस बसवून त्याचा खर्च गावाकडूनच घेतला. १८९८ मध्ये राजद्रोहाचं कलम आणखी कडक झालं. आणि याच काळात, १८९७ च्या उत्तरार्धात, प्लेग पुण्यात परत आला, पहिल्यापेक्षा जास्त जोरानं. या वेळी सरकारला चार खडे बोल सुनावणारी वर्तमानपत्रं दबलेली, ‘केसरी’चा संपादक तुरुंगात, आणि सरकार लोकांकडे संशयानं बघणारं. रोगी लपवले जात राहिले.

मग इंग्रज नमले नाहीत का? नमले, पण उशिरा आणि वेगळ्या कारणांनी. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगा झाला, संप झाला. सक्तीनं रोगी बाहेर येत नाहीत, उलट दडतात, हे अधिकाऱ्यांनाही अनुभवानं कळलं. मग जातवार इस्पितळं, घरच्यांना जवळ राहू देणं, वैद्य-हकिमांची मदत, हाफकिनची लस ऐच्छिक ठेवणं, असं धोरण सैल होत गेलं. टिळक आणि रमाबाई वर्षभर आधी हेच तर मागत होते.

अमेरिकेचा दाखला इथे कशाला, असं कुणी म्हणेल. पण तिथली गोष्ट फार वेगळी नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये ओबामांच्या आरोग्य विमा विधेयकावर गावोगाव सभा झाल्या आणि त्या आरडाओरड्यात बुडाल्या. कोणत्या म्हाताऱ्यानं जगायचं हे ठरवणारी सरकारी मंडळं येणार, अशी आवई सारा पेलिन यांनी उठवली. विधेयकात तसं काही नव्हतं. अखेरच्या आजारपणाबद्दल रोग्यानं डॉक्टरचा सल्ला घेतला तर त्या सल्ल्याची फी विम्यातून मिळावी, एवढीच तरतूद होती. ती गोंधळात गळाली. मार्च २०१० मध्ये विधेयक मंजूर होताच काही लोकप्रतिनिधींच्या कचेऱ्यांच्या काचा फुटल्या. आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर युनायटेडहेल्थकेअर या विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांना गोळ्या घालून मारण्यात आलं, तेव्हा हजारो लोकांनी दुःखाऐवजी समाधान व्यक्त केलं. विम्याचे दावे नाकारले गेल्याचे अनुभव ते लिहीत होते. ती वाक्यं वाचताना मला पुण्याच्या माजघरांची आठवण होत होती. तिथली मोमियाईही तीच आणि इथलीही तीच.

आपल्याकडे गोष्ट उलटीही झाली. रोग्याचे नातेवाईक डॉक्टरला मारतात म्हणून महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. करोनात डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले, तेव्हा २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून त्याच १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती केली गेली आणि अशा हल्ल्यांना कडक शिक्षा आली. सव्वाशे वर्षांच्या कायद्यात भर पडली तीही शिक्षेचीच. रोग्याच्या घरच्यांनी तक्रार कुठे करायची, ती कुणी किती दिवसांत ऐकायची, हे कलम अजूनही त्यात नाही.

गोखल्यांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. माफीनंतर तोंड लपवून बसण्याऐवजी ते १८९८ च्या साथीत स्वयंसेवक म्हणून उतरले आणि पुण्याच्या गल्ल्यांतून घरोघर फिरले. त्यांना दार उघडलं जात होतं.