‘साकात्सुकु’ : एका क्रियारूपाचा इतिहास

सेगा कंपनीने १९९६ साली ‘सॅटर्न’ या आपल्या यंत्रासाठी फुटबॉलचा जो व्हिडिओ गेम जपानात काढला, त्यात खेळणारा चेंडूला पाय लावीत नाही. तो संघाचा मालक असतो. गाव निवडावयाचे, प्रशिक्षक नेमावयाचा, खेळाडूंशी करार करावयाचे आणि खालच्या श्रेणीतील संघ जे. लीगमध्ये चढवावयाचा, हे त्याचे काम. सामना बहुतांशी पाहत बसावयाचा.

या खेळाचे नाव ‘जे. लीग प्रो सॉकर क्लब ओ त्सुकुरो!’. ‘त्सुकुरु’ म्हणजे बनविणे, उभारणे. ‘त्सुकुरो’ हे त्याचे संकल्पार्थी रूप मराठी ‘उभारू या’ला अगदी जवळचे आहे. हा आज्ञार्थ नव्हे. वक्ता येथे श्रोत्यास आपल्याबरोबर घेतो. ‘साक्का’ (जपानीत रुळलेले ‘सॉकर’) आणि ‘त्सुकुरो’ यांचे आद्यांश जोडून पुढे ‘साकात्सुकु’ हे सुटसुटीत नाव रूढ झाले. त्यात लीग गळली, क्लब गळला. क्रियापद मात्र टिकले.

‘उभारू या’ म्हणण्याचा अधिकार जपानी प्रेक्षकास तेव्हा नुकताच मिळाला होता. १९६५ ते १९९२ या काळातील जपान सॉकर लीगमध्ये मित्सुबिशी, निस्सान, फुरुकावा, हिताची अशा कंपन्यांचे संघ खेळत. मे १९९३ मध्ये दहा संघांनिशी जे. लीग सुरू झाली, तेव्हा अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी संघनामातून कंपनीचे नाव वगळण्याचा व प्रत्येक संघास ‘होम टाउन’ असण्याचा आग्रह धरला. मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला, निस्सानचा योकोहामाचा. योमिउरी वृत्तपत्रसमूहास हे रुचले नाही, आणि तो वाद बराच गाजला.

मुंबईच्या फुटबॉलमध्येही टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र अशा कंपन्यांच्या संघांचा दबदबा असे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. तो कोणत्या गावाचा होता, हा प्रश्न उद्भवलाच नाही. तसा तो उद्भवणे अवघडही होते. ‘होम टाउन’ला ‘गाव’ हा प्रतिशब्द योजावा, तर तो दहिसरसारख्या उपनगरात अडतो. १९५७ साली बृहन्मुंबईत आलेल्या, महापालिकेच्या उत्तर सीमेवरील दहिसरमध्ये ‘गाव कोणते?’ असे विचारल्यास पुष्कळदा रत्नागिरी किंवा सातारा हे उत्तर मिळते. दहिसर हे राहण्याचे ठिकाण. गाव म्हणजे जेथून आपण आलो ते. जे. लीगच्या ‘होम टाउन’ला नेमके पहिले अभिप्रेत आहे.

अर्थात नाव बदलल्याने तिजोरी बदलत नाही. योकोहामा फ्ल्यूगल्स या संघाच्या दोन आश्रयदात्यांपैकी बांधकाम व्यवसायातील सातो कोग्यो कंपनीने १९९८ मध्ये अंग काढून घेतले, आणि संघ त्याच शहरातील प्रतिस्पर्धी मारिनोसमध्ये विलीन करण्याचे ठरले. १ जानेवारी १९९९ रोजी एम्परर्स कप जिंकून फ्ल्यूगल्सने शेवटचा सामना संपविला. विलीनीकरण अमान्य असलेल्या चाहत्यांनी योकोहामा एफ. सी. हा नवा संघ उभारला. खेळातल्याप्रमाणे त्यासही खालच्या श्रेणीतून आरंभ करावा लागला. २००७ च्या हंगामात तो पहिल्या श्रेणीत उतरला.