गारपगारी ते पंचनामा : आपल्या पूर्णाखोऱ्यातल्या गारपिटीची गोष्ट

फेब्रुवारी उजाडला की आपल्या अकोल्यात दोन गोष्टी सुरू होतात. दुपारचं ऊन चटके द्यायला लागतं, आणि हरभरा सोंगायला आलेला शेतकरी सारखा आभाळाकडे बघायला लागतो. दरवर्षी या दिवसांत मी गारपिटीच्या बातम्या करतो. त्या बातमीत हेक्टर असतात, पंचनाम्याचे आदेश असतात, पुढाऱ्यांचे दौरे असतात. इतिहास मात्र कधीच नसतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

आपल्या वऱ्हाडात गारपीट थोपवायला कधीकाळी गावाचा एक माणूस नेमलेला असायचा, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याला गारपगारी म्हणत. हे काम करणारे लोक मूळचे नाथजोगी. आजही गारपगारी हे नाव राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत सापडतं. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ साली आला. त्यात नागपूर आणि वऱ्हाडातल्या गारपगाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. १९११ मध्ये त्यांची संख्या सुमारे ९ हजार होती.

काम काय? आभाळात काळे-तांबडे ढग दिसले की गारपगारी हातात तलवार घेऊन मारुतीसमोर उभा राहायचा. आधी विनवणी. ढग हटले नाहीत तर धमकी, स्वतःचा जीव देईन म्हणून. पूर्वी अंगावर वार करून घेत, पुढे बोटातून थेंबभर रक्त काढण्यावर भागू लागलं, असं त्या ग्रंथात नोंदवलंय. या कामाबद्दल गावातले शेतकरी त्याला धान्य देत.

ही अंधश्रद्धाच होती, त्यात वाद नाही. तलवारीने ढग हटत नाहीत. पण त्यातली व्यवस्था बघा. गारपीट हे एकट्या शेतकऱ्याचं नशीब नाही, ते अख्ख्या गावाचं संकट आहे, हे गावाने मान्य केलं होतं. त्यासाठी सगळे मिळून धान्य काढत होते. आभाळावर नजर ठेवायला एक माणूस होता आणि तो गावाला बांधील होता.

आता गार पडते कशी, ते थोडक्यात सांगतो. आपलं खोरं म्हणजे उत्तरेला गाविलगड-मेळघाटचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधोमध पूर्णेचा सपाट काळ्या मातीचा पट्टा. अकोला समुद्रसपाटीपासून जेमतेम २८० मीटरवर. फेब्रुवारीपासून ही जमीन झपाट्याने तापते. त्याच दिवसांत उत्तरेतून पश्चिमी विक्षोभ जात असतात, त्यांच्यामुळे वरच्या थरात थंड हवा येते. बंगालचा उपसागर किंवा अरबी समुद्राकडून खालच्या थरात बाष्प आलं की जुळणी पूर्ण होते. तापलेली दमट हवा जोराने वर चढते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. त्यात शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. ते बर्फाच्या कणावर थर देत जातात आणि वरच्या झोताला वजन पेलवेनासं झालं की गार खाली येते. पावसाळ्यात हवेत गोठणपातळी बरीच वर असते, गार वाटेतच विरघळते. म्हणून आपल्याकडे गारपिटीचे दिवस म्हणजे माघ, फाल्गुन आणि चैत्र.

आणि नेमके हेच दिवस हरभरा, गहू, कांदा काढणीचे, संत्र्याच्या आंबिया बहराची फळं धरण्याचे. त्यातही आपला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, ओलीत नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा येतो. तो झोडपला गेला तर दुसरं पीक घ्यायला पाणी कुठून आणणार?

गार एकटीही येत नाही, वादळ सोबत असतं. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी बाळापूर तालुक्यातल्या पारसला वादळात कडुनिंबाचं जुनं झाड मंदिराच्या टिनशेडवर कोसळलं आणि सात माणसं गेली. तो दिवस जिल्हा विसरलेला नाही.

राज्यापुरतं बोलायचं तर २०१४ हे वर्ष सगळ्यांना आठवत असेल. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारा थांबेचनात. २८ जिल्हे, सुमारे १८ लाख हेक्टर. वर लोकसभेची आचारसंहिता लागलेली. २०१५ ला उत्तर भारतासह पुन्हा अवकाळी आणि गारपीट झाली. त्यानंतर केंद्राने नियम बदलला. आधी पिकाचं निम्मं नुकसान झालं तरच मदत मिळायची, ती अट ३३ टक्क्यांवर आली. म्हणजे गारपीट मोजली गेली, तिचा आवाज झाला, तेव्हाच कायदा हलला.

आता खरा मुद्दा. गार पट्ट्यात पडते. एका शिवारात पीक भुईसपाट, आणि धुऱ्यापलीकडे पान हललेलं नाही, हे आपण डोळ्यांनी बघतो. पीकविम्यात गारपीट ही स्थानिक आपत्ती होती, ७२ तासांत कळवलं की त्या शेतकऱ्याची वैयक्तिक पाहणी व्हायची. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ही तरतूद काढली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या सरासरी उत्पन्नावर ठेवली. सरासरी अख्ख्या मंडळाची, गार मात्र चार शिवारांत. मंडळाचं उत्पन्न बरं आलं की त्या चार शिवारांचं नुकसान कागदावर दिसतच नाही. फळबागेला गारपिटीचं संरक्षण हवं तर वेगळा हप्ता भरा. उरतो तो तलाठ्याचा पंचनामा, आणि तो होईपर्यंत गार विरघळून दोन-चार दिवस झालेले असतात.

मंडळातलं हवामान केंद्र पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतं. गार मोजत नाही. म्हणजे नोंद कुणाचीच नाही.

नोंदीची किंमत काय असते, ते मुरादाबादवरून कळतं. रामगंगेच्या काठचं उत्तर प्रदेशातलं शहर. ३० एप्रिल १८८८ ला तिथे गारपिटीत २४६ माणसं मेली, शिवाय १,६०० हून जास्त शेळ्यामेंढ्या. त्या वेळच्या हवामान खात्याने ते लिहून ठेवलं. म्हणून २०१७ मध्ये, १२९ वर्षांनी, जागतिक हवामान संघटनेने ती जगातली सर्वाधिक बळी घेणारी गारपीट म्हणून मान्य केली.

आपल्याला जागतिक विक्रम नको. गावाचं एक गारपीट रजिस्टर हवं, ग्रामपंचायतीत. तारीख, सुरू झाली ती वेळ, थांबली ती वेळ, कोणत्या शिवारापासून कोणत्या शिवारापर्यंत, गार बोराएवढी की लिंबाएवढी. गार नाण्याशेजारी ठेवून लगेच फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून. पिकाचा फोटो त्याच दिवशी. खाली पोलीस पाटील किंवा सरपंचाची सही. दहा वर्षं हे झालं तर आपल्या खोऱ्यात गारेचा पट्टा कुठून कुठे जातो ते आपण नकाशावर दाखवू शकू, आणि मंडळाच्या सरासरीला उत्तर द्यायला हातात कागद असेल.

येत्या ग्रामसभेत कुणीतरी हा विषय मांडा. मांडलात तर मला कळवा, बातमी मी करतो. आणि ज्यांच्या घरात जुन्या गारपिटीची आठवण असेल, त्यांनी गावाचं नाव आणि साल खाली कमेंटमध्ये लिहा. सुरुवात तिथूनच करू.