आंद्रेई साखारोव : बॉम्बसाठी मिळालेली पदकं सरकारने परत का घेतली?

'हिरो ऑफ सोशलिस्ट लेबर' हा सोव्हिएत संघातला सर्वोच्च नागरी किताब. भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांना तो तीनदा मिळाला. १९८० मध्ये सरकारने तिन्ही किताब काढून घेतले. असं काय घडलं होतं?

बॉम्ब बनवणारा तरुण

साखारोव यांचा जन्म २१ मे १९२१ रोजी मॉस्कोत झाला. वडील भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. १९४७ मध्ये ईगोर ताम यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्याच वर्षी ते हायड्रोजन बॉम्बच्या गुप्त कामात ओढले गेले. त्यांच्या रचनेत युरेनियम आणि हलक्या इंधनाचे थर एकावर एक होते. म्हणून तिला नाव पडलं 'स्लोइका', म्हणजे आपल्या खारीसारखा पदर सुटणारा पदार्थ. १२ ऑगस्ट १९५३ ला चाचणी यशस्वी झाली. त्याच वर्षी, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. पुढे स्टालिन पुरस्कार, लेनिन पुरस्कार आणि १९५४, १९५६, १९६२ असे तीन किताब.

मन कुठे बदललं?

नोव्हेंबर १९५५ च्या चाचणीत एक सैनिक आणि दोन वर्षांची एक मुलगी दगावली. त्या रात्रीच्या मेजवानीत साखारोव म्हणाले की हे बॉम्ब फक्त चाचणीच्या मैदानावर फुटावेत, शहरांवर कधीच नाही. बॉम्बचं काय करायचं हे शास्त्रज्ञांनी ठरवायचं नाही, असं एका बड्या लष्करी अधिकाऱ्याने त्यांना थट्टेतून सुनावलं.

साखारोव गप्प बसले नाहीत. चाचण्यांतल्या किरणोत्सर्गाने किती माणसांचं नुकसान होईल, याचा हिशेब त्यांनी १९५८ मध्ये मांडला. १९६८ मध्ये त्यांचा शांतता आणि विचारस्वातंत्र्यावरचा निबंध परदेशात छापून आला आणि त्यांना गुप्त कामातून काढण्यात आलं.

नोबेल आणि नजरकैद

१९७५ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. देश सोडायची परवानगी नव्हती, म्हणून पत्नी येलेना बोनर यांनी ओस्लोत तो स्वीकारला. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांना विरोध केल्यावर किताब गेले आणि साखारोव यांची रवानगी गॉर्की शहरात झाली. अकादमीने मात्र त्यांचं सदस्यत्व रद्द केलं नाही.

डिसेंबर १९८६ मध्ये स्वतः गोर्बाचेव्ह यांनी फोन करून सुटकेची बातमी दिली. १९८९ मध्ये साखारोव लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्यांचं निधन झालं.

युरोपियन संसद १९८८ पासून त्यांच्या नावाने मानवी हक्कांसाठी पुरस्कार देते. पहिल्या वर्षीच्या दोन मानकऱ्यांपैकी एक होते नेल्सन मंडेला. तेव्हा तेही तुरुंगातच होते.